एक नंबरची पाटी

नाहीदनं चहाची किटली उंबऱ्यावर टेकवली आणि आत धावणाऱ्या लेकीचं, आफ्रीनचं मनगट घट्ट धरलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्या थोरल्या दिरांच्या, अल्ताफभाईंच्या टीव्हीसमोर डझनभर टिप्पर-ड्रायव्हर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि पडद्यावर हंगेरीतल्या कुठल्याशा वळणावळणाच्या रस्त्यावर एका माणसाच्या बसण्यापुरत्या गाड्या माशांसारख्या गुणगुणत फिरत होत्या.

"या ना भाभी, तुम्ही बी पाहा," कोणीतरी म्हणालं.

ती आत गेली नाही. दर खेपेला ती दारातूनच पाहायची. इथून पडदाही दिसायचा आणि माणसांचे चेहरेही दिसायचे.

डावीकडे लाल टिप्परवाले, उजवीकडे पांढरे. कोण कुठं बसायचं हे कोणी सांगितलं नव्हतं, पण तीन वर्षांत एकदाही कोणी चुकलं नव्हतं. मुसळे ठेकेदाराचे बारा टिप्पर खाणीतून चुनखडीचे दगड कारखान्याच्या क्रशरवर नेऊन टाकायचे. सहा जुने लाल, सहा नवे पांढरे. गडचांदूरला केबल आली, रविवारच्या शर्यती दिसायला लागल्या, आणि रंगांच्या टीमा झाल्या. लालवाल्यांचा देव म्हणजे लाल गाडीतला जर्मन. पांढऱ्यांचा देव दर शर्यतीला बदलायचा. जर्मनला जो हरवील तो.

आज जर्मनचं काही खरं नव्हतं. निळ्या गाडीतल्या बावीस वर्षांच्या एका पोरानं त्याला मागून गाठलं आणि सरळ पुढं काढलं. म्हणजे पुरी एक फेरी जास्त. डावीकडे सामसूम झाली. उजवी बाजू उठून उभी राहिली.

"मुबीनभाऊ, तुमचा साहेब त चक्करभर मागं पडला ना बाप्पा!" लच्छू मांडीवर थाप मारत म्हणाला. "कालच्या पोट्ट्यानं लॅप केला त्याले!"

मुबीननं पडद्यावरची नजर काढली नाही. "गाडी खराब हाये त्याची."

"गाडी खराब! मंग तुमचं लाल टिप्पर कोन्या शोरूममधून आनलं?"

खोली हसली. मुबीननं मान वळवली. "पाटी कोनाच्या गाडीवर हाये, लच्छू?"

"आज चोवीस तारीख हाये. येक तारखेले बोलू."

"उद्याच बोलू. ये रोडवर."

दोघंही हसत होते. पण मुबीनच्या, तिच्या नवऱ्याच्या कानामागची ताणलेली शीर नाहीदला दारातून दिसली, आणि किटलीचा कान तिनं नको तितका आवळला.

पाटीची ही रीत टीव्हीवरूनच आलेली. त्या शर्यतींत गेल्या हंगामाचा विजेता असेल त्याच्या गाडीला एक नंबर मिळतो, हे अल्ताफभाईंनी पेपरात वाचलं होतं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान. त्यांनी पत्र्याची पाटी कापली, पिवळा रंग मारला आणि वर काळा '१' काढला. महिन्यात ज्याच्या फेऱ्या सगळ्यात जास्त, पुढचा महिनाभर पाटी त्याच्या बोनेटवर. एक तारखेला सकाळी क्रशरपाशी सगळे जमायचे, अल्ताफभाई पान्यानं दोन बोल्ट सोडवायचे आणि दुसऱ्या गाडीवर पिळायचे. जुलैच्या फेऱ्यांवर मुबीननं पाटी जिंकली होती.

मघाशी पडद्यावर लाल टीमच्याच दुसऱ्या गाडीचं मागचं चाक निखळून ती टायरांच्या भिंतीत घुसली होती. खोलीतले सगळे आधी ओरडले, आणि बऱ्याच वेळानं कोणीतरी विचारलं, माणूस बरा आहे का. नाहीद त्या वेळी भलतंच पाहत होती. झेंडेवाले किती लवकर धावले, पिवळा झेंडा कुठं हलला, मागच्या गाड्या कशा जपून गेल्या. खाणीच्या रस्त्याला झेंडा नव्हता. खाणीच्या रस्त्याला अंगणवाडीचं बांबूचं कुंपण होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच रस्त्यानं आफ्रीनला घेऊन निघाली होती. पावसानं पंधरा दिवस ओढ दिली होती आणि रस्ता पुन्हा पिठासारखा पांढरा झाला होता. मागून हॉर्न आला. एक नाही, दोन. तिनं वळून पाहिलं तर पांढरा टिप्पर आपल्या डाव्या बाजूनं येत होता आणि लाल टिप्पर तिच्या बाजूनं. दोघं खांद्याला खांदा लावून. लालच्या बोनेटवरची पिवळी पाटी तिला आधी दिसली, काचेमागचा माणूस नंतर.

तिनं आफ्रीनला दंडाला धरून ओढलं आणि दोघी नालीत पडल्या. मागच्या फाळक्यावर शीग लागेस्तोवर भरलेल्या लाल टिप्परमधून नारळाएवढा एक दगड उडाला, एक उसळी घेतली आणि आफ्रीनची एक चप्पल रस्त्यावर राहिली होती तिच्यावर येऊन थांबला. मुबीन त्यांच्याकडे बघत नव्हता. तो आरशात बघत होता, मागं पडलेल्या पांढऱ्याकडे. आणि हसत होता.

अंगणवाडीची बाई धावत बाहेर आली. "कोनाचा नवरा होता थो मुर्दा?"

"दिसला नाही," नाहीद म्हणाली आणि आफ्रीनच्या गुडघ्यावरची माती पुसत राहिली.

संध्याकाळी मुबीन जेवायला बसला तेव्हा तिनं भाकरीशेजारी तो दगड ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या गाडीतून पडला. आफ्रीनच्या चपलेवर."

त्यानं दगड उचलला, तळहातावर तोलला. "आफ्रीन होती तिथं?"

"चप्पल होती."

आफ्रीन कोपऱ्यात वाटीत पाणी घेऊन बाहुलीला अंघोळ घालत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग दगड ताटापासून लांब सरकवला.

"रस्त्याच्या कडेनं चालत जा."

"कडेलाच होतो. नंतर नालीत."

"लच्छूनं कट मारला. मी काय त्याच्या मागं धूळ खात जाऊ?"

"खा. नाहीतर पाण्याचा टँकर मागून घ्या. तुम्हाला कोण नाही म्हणणार आहे?"

पाण्याचा टँकर धूळ बसवायला खाणीच्या रस्त्यावर दिवसभर शिंपडत फिरायचा. माणसाच्या चालीनं. मुबीन मोठ्यांदा हसला. "टँकर बिरजूबुढ्याले देतात. ज्याले दिसत नाई, त्याले."

"बिरजूकाका एकसष्ट वर्षांचे आहेत. हातपाय शाबूत आहेत."

"हे पाह्य, नाहीद." त्यानं ताट ढकललं. "बी.ए. करून आली तर घरात हिशेबानं बोल. गाडी मले शिकवू नको. बारा ड्रायव्हर हायेत त्या रोडवर, बाराच्या बारा मले ओळखतात. तुह्या कालेजात तुले कोन ओळखत होतं?"

तिनं ताट उचललं. दगड तिथंच राहू दिला. सकाळी तो मागच्या अंगणात पडलेला दिसला.

त्या दुपारी घर झोपलेलं असताना तिनं कॉलेजच्या जुन्या वहीतलं एक कोरं पान काढलं. ठेकेदारसाहेबांस नमस्कार लिहिला. एक नंबरची पाटी लावलेल्या गाडीचा चालक अंगणवाडीपाशी शर्यत लावतो, लेकरांच्या जिवाला धोका आहे, त्याला गाडीवरून उतरवून पाण्याच्या टँकरवर ठेवावं, मात्र कामावरून काढू नये. वाचून पाहिलं. शेवटच्या वाक्यापाशी ती थबकली. एवढी काळजी कोण करील? बायकोच. तिनं पान फाडलं आणि ते वाक्य वगळून पुन्हा लिहिलं. गाडीचा खरा नंबर तिला पाठ होता, पण तो लिहिणं म्हणजे नवऱ्याचं नाव लिहिण्यासारखंच. तो टाळला. तारीख टाकली तर त्या दिवशी पोस्टाकडे कोण गेलं होतं हे गल्ली सांगेल. तारीखही टाळली. ठेकेदाराच्या चंद्रपूरच्या ऑफिसचा पत्ता घातला आणि बसस्टँडवरच्या पेटीत टाकून आली.

गुरुवारी आफ्रीनला ताप भरला. चांगला एकशे तीन. नाहीदनं मुबीनला खाणीवर जाऊ दिलं नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरकडे जाणं, रक्त तपासणं, पुन्हा जाणं, यात महिन्याचे शेवटचे तीन दिवस गेले. ताप उतरला. एक तारखेला मुबीन खाणीवर गेला आणि संध्याकाळी शर्ट खुंटीला अडकवता अडकवता म्हणाला, "नेली लच्छूनं पाटी. अकरा फेऱ्यांनी."

नाहीद कणीक मळत होती. तिचे हात परातीत थांबले. मग तिला वाटलं, ठेकेदाराला अशी पत्रं रोज येत असतील, कोण वाचतं. मग तिनं पुन्हा मळायला घेतलं. पीठ केव्हाच झालं होतं.

तीन तारखेला मुबीन लवकर घरी आला. न्हाणीशी उकिडवा बसून हाताला साबण लावत म्हणाला, "लच्छूचं गेट बंद झालं."

"का?"

"कोनीतरी चिठ्ठी टाकली चंद्रपूरले. येक नंबरवाला अंगणवाडीपाशी रेस लावते म्हणून. सुपरवायझर सकाळी गेटवर उभा, हातात कागद. पाटी पाह्यली, लच्छूले खाली उतरवला, चाबी घेतली. बस."

"पण पाटी तर परवाच…"

"थेच म्हणत होता लच्छू. परवा बसवली, पुसा साऱ्याइले. पुसलं सुपरवायझरनं."

"मग?"

"मग काय? कोनी बोललं नाई."

"तुम्ही?"

साबण त्याच्या हातांवर केव्हाचा फेसाळला होता, तरी तो चोळतच होता. "माह्यं नाव कोनी घेतलं नाई. मी काऊन घेऊ? पाटी त्याच्या गाडीवर होती. ज्यानं चिठ्ठी लिहिली त्याले जाऊन विचार."

तिला बोलता आलं असतं. ती आत गेली आणि टॉवेल घेऊन आली.

पाटी दुसऱ्याच दिवशी लाल टिप्परवर परतली. आफ्रीनला आता ती मागच्या शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधानं अंगणवाडीत न्यायची, वाट दुप्पट पडायची. रस्त्यावर आता मुबीनच्या बरोबरीला कोणी येत नव्हतं, आणि तो कोणी येण्याची वाट पाहिल्यासारखा अधिकच जोरात हाकायचा. घरात दोघं जेवढ्यास तेवढं बोलायची.

दसरा होऊन गेल्यावरचा रविवार. हंगामातली शेवटची शर्यत जपानला होती, म्हणून यावेळी सकाळी अकरालाच. जर्मनला अजिंक्यपदासाठी फक्त एक पॉइंट हवा होता आणि पहिल्या आठांत आला तरी तो मिळणार होता. अल्ताफभाईंकडे दहापासूनच माणसं जमली होती. नाहीद पहिला चहा देऊन आपल्या खोलीत आली, तर मागच्या दारात आशाबाई उभी होती. लच्छूची बायको. काखेत मासळीची रिकामी टोपली, लुगड्याचा ओचा ओला.

"भाभी, अर्ज लिवून पायजे."

हे नवं नव्हतं. गल्लीतल्या बायांचे रेशनचे फॉर्म, बचत गटाचे कागद, माहेरची पत्रं नाहीदच लिहून द्यायची. तिनं पाट सरकवला, वही घेतली. आफ्रीन येऊन मांडीत बसली.

"काय लिहायचं?"

"माह्या नवऱ्याले कामावर घ्या म्हनून लिवा. ठेकेदाराले."

नाहीदनं पेन उघडलं. अक्षरं तिनं मुद्दाम बारीक काढली, डावीकडे कललेली, सुटी सुटी. आशाबाई समोर बसून पेनाच्या टोकाकडे पाहत होती, जाळं ओढताना पाण्याकडे पाहावं तशी. दोन ओळी झाल्या.

"हे कोनाचं अक्षर होय?"

"म्हणजे?"

"तुमचं नोहे हे."

नाहीदनं वर पाहिलं नाही. "घाईत आहे. चहा ठेवलाय."

"दसऱ्याले गाड्याइची पूजा होती," आशाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ठेकेदार आल्ता. म्या पाय धरले त्याचे. त्यानं फायलीतून कागद काहाडला, माह्या तोंडापुढं धरला. पाह्य म्हणे, लोकं काय लिवतात तुह्या नवऱ्याबद्दल. मले कुठी वाचता येते? पन म्या कागद पाह्यला. तुम्ही आधी सारे अक्षरं लिवता आन मंग वरून रेघ वढता. येका दमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माह्या राशनच्या फारमावर तशीच हाये. गटाच्या वहीवर तशीच हाये. गल्लीत अशी रेघ दुसरं कोन वढते, सांगा."

पलीकडच्या खोलीतून आरडाओरडा उठला. कोणीतरी कोणाला तरी मागं टाकलं असावं.

"मी लच्छूभाऊंबद्दल नव्हतं लिहिलं."

"माहीत हाये मले. म्हनून त मागच्या दारानं आली. नाई त झिंज्या धरून रोडवर नेलं असतं तुम्हाले." तिनं टोपली खाली ठेवली. "कोनाबद्दल लिवलं होतं थेही माहीत हाये. आता थेच लिवा. नव्या कागदावर. तुमच्यावाल्या अक्षरात."

"काय?"

"अंगणवाडीच्या बाईनं सांगतलं थो दगड कवा पडला त्याची तारीख टाका. त्या तारखेले पाटी कोनाच्या गाडीवर होती थे लिवा. नाव लिवा."

"आशाबाई, त्यांचंही गेट बंद होईल."

"माह्यावालं बंद होऊन सव्वा महिना झाला. दहा वर्षं गाडी हाकून कंबर गेली त्याची, आन आता कंबरभर पान्यात उभा राहून जाळं वढते. तुम्ही रोज दारासमोरून जाता, धुऱ्यावरून. पोट्टीले घेऊन. येकदा तरी इचारलं, आशाबाई कशी हायेस?"

नाहीदनं आफ्रीनच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. पोरीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. तिला वाटलं होतं, पाण्याचा टँकर. तिला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही. या दोन वाटण्यांपैकी कुठली मोठी होती, हे तिला आता धड सांगता आलं नसतं.

तिनं लिहिलेलं पान फाडलं. नवं घेतलं. पंचवीस ऑगस्ट लिहिलं, सकाळची वेळ लिहिली. यावेळी हातानं काही ऐकलं नाही, अक्षरं आपली आपण उभी राहिली, गोल, टपोरी. मग नावाची ओळ आली. शेख मुबीन शेख नूर मोहम्मद. खाणीच्या हजेरीत होतं तसंच पुरं नाव. ओळ भरून गेली. तिनं पेन डाव्या टोकाला नेलं आणि उजव्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"हां," आशाबाई म्हणाली.

अंगठा उमटवायला शाईचं पॅड नव्हतं. आफ्रीनच्या काजळाच्या डबीत आशाबाईनं अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. नाहीदनं शेजारी 'निशाणी डावा अंगठा' लिहिलं, आशाबाईचं नाव लिहिलं आणि पेन बंद केलं.

"आन तुमचं?"

"माझं कशाला?"

"अंगठ्याखाली लिवनाराचं नाव लागते. राशनच्या वक्ती तुम्हीच सांगतलं होतं मले. त्याबिगर कागद धरत नाई कोनी."

खरं होतं. तिनंच सांगितलं होतं, आणि जरा ऐटीत सांगितलं होतं. नाहीदनं पेन पुन्हा उघडलं. 'लिहिणार' लिहून पुढं आपलं नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट.

आशाबाई कागदावर फुंकर घालत होती तेव्हा भिंतीपलीकडे एकच गलका झाला. टाळ्या, शिट्ट्या, डबा बडवल्याचा आवाज. पावलं धावत आली आणि मुबीन दारात उभा राहिला. कित्येक दिवसांत त्याचा चेहरा असा उजळलेला तिनं पाहिला नव्हता.

"आला! आठवा आला! येकच पॉइंट पाह्यजे होता, तेवढाच घेतला पठ्ठ्यानं! नाहीद, शेवया टाक, साऱ्याइले…"

आशाबाई दिसली तसं त्याचं वाक्य तुटलं. तो उंबऱ्यावरच रेंगाळला.

"आशाबाई. बरे हायेत ना लच्छूभाऊ?"

आशाबाईनं कागद घडी करायला घेतला होता.

"अर्ज हाये का कामाचा?" मुबीनचा आवाज मोकळा व्हायला बघत होता. "चांगलं केलं. द्या, मीच देतो उद्या सुपरवायझरजवळ. माह्यं ऐकते तो."

आशाबाईनं नाहीदकडे पाहिलं. नाहीदनं आफ्रीनला मांडीवरून उतरवलं, आशाबाईच्या हातातला कागद घेतला आणि घडी उलगडली. पायानं पाट नवऱ्याकडे सरकवला.

"बसा," ती म्हणाली. "आधी ऐका."

आणि तिनं तारखेपासून वाचायला सुरुवात केली.